दहा पावसाळे उभी असलेली मारुती ८००: आधी पत्रा, इंजिन शेवटी

गाडी १९९६ ची मारुती ८००. पांढरी, कार्ब्युरेटरची, चार गिअरची, नंबर एमएच ०८. रत्नागिरीच्या आतल्या एका गावात घराशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली ती २०१६ च्या मे महिन्यात लावली, कारण नोंदणीची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून राहिलं. शेडला छप्पर होतं, बाजू उघड्या होत्या. तशीच दहा पावसाळे उभी राहिली. मालक ठाण्यात नोकरीला होते. आता निवृत्तीनंतर गावी जास्त राहायचं ठरलंय आणि गाडी पुन्हा चालती करायची आहे. प्रदर्शनात ठेवायची नाही की रॅलीत मिरवायची नाही. बाजाराला, रेल्वे स्टेशनवर आणि वर्षातून दोन-चारदा कोल्हापूरला न्यायची, एवढाच वापर. बजेट १ लाख ६० हजार.

प्रकरण नमुन्याचं आहे. किनारपट्टीवर उभ्या राहिलेल्या ८०० मध्ये जे नेहमी सापडतं, ते एका गाडीत एकत्र मांडलंय. रकमा अंदाजपत्रकाच्या आहेत, गाव आणि गॅरेज बदललं की बदलतील. कामाचा क्रम मात्र बदलायचं कारण नाही.

पहिल्या गॅरेजने दिलेलं अंदाजपत्रक असं होतं: इंजिनाचं पूर्ण काम ४८ हजार, संपूर्ण रंग ५५ हजार, टायर-बॅटरी २० हजार, आणि सीट कव्हर, स्टिरिओ, ॲलॉय मिळून ३० हजार. एकूण १ लाख ५३ हजार. यात तळाच्या पत्र्याचा उल्लेखच नाही. ब्रेकसुद्धा ‘सर्व्हिसिंगमध्ये येतील’ एवढ्यावर आटोपले होते. अशी अंदाजपत्रकं सर्रास मिळतात, आणि त्यात कोणी फसवतंय असंही नसतं. गिऱ्हाईक विचारतो इंजिन चालू होईल का आणि गाडी नवी दिसेल का. मेस्त्री त्या दोन प्रश्नांचं उत्तर देतो.

८०० च्या बाबतीत हा क्रम उलटा का करावा लागतो, ते आधी सांगायला हवं. १४ डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती आणि २५ लाखांहून जास्त बनल्या. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एफ८बी इंजिन ओम्नीतही होतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, वॉटर पंप हे सगळं पुण्याच्या नाना पेठेत मिळतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतं, तालुक्याच्या दुकानातही दोन दिवसांत मागवून मिळतं. संपूर्ण चालू इंजिन भंगारातून उचलता येतं. बॉडी मात्र अशी उचलून बदलता येत नाही, कारण नोंदणी ज्या चेसिस नंबरवर आहे तो बॉडीवरच कोरलेला असतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही. तळ, रनिंग बोर्ड (दाराखालची पोकळ पट्टी), पुढचे ॲप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) आणि छताचे खांब मिळून जो सांगाडा होतो, तीच चेसिस. तो कुजला की उरतात ते सुटे भाग. म्हणून इंजिनावर खर्च केलेले ४८ हजार कुजक्या सांगाड्यात गेले तर ते परत मिळत नाहीत. सांगाड्यावर खर्च केलेले मात्र पुढची सगळी वर्षं उपयोगी पडतात.

टोच्या आणि लोहचुंबक

तपासणीला लागतं ते फार नाही: टोच्या, पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, टॉर्च, दोन जॅक स्टँड आणि खाली अंथरायला गोणपाट. चुंबक मडगार्डच्या कमानीवर, दारांच्या खालच्या चार बोटांवर आणि रनिंग बोर्डवर फिरवायचं. जिथे ते पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तिच्याखाली पत्रा कितपत शिल्लक आहे, हा प्रश्न आहेच.

ड्रायव्हरच्या पायाखाली या गाडीत चार थर असतात: वर रबरी मॅट, खाली कार्पेट, मग नमदा (जाड फेल्ट), आणि पत्र्याला चिकटवलेली डांबरी शीट. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि नमद्यात मुरतं. नमदा ते सोडत नाही. डांबरी शीट कडेने उचलली जाते आणि तिच्या पोटात पाणी बसतं. प्रकरणातल्या गाडीत मॅट कोरडी होती, कार्पेटही कोरडं वाटलं. डांबरी शीट अंगठ्याने दाबल्यावर मात्र पापड मोडावा तसा आवाज आला. शीट सोलून काढली तर ड्रायव्हरच्या बाजूला वीतभर लांब, चार बोटं रुंद भाग निव्वळ गंजाचा. टोच्या दाब न देता आरपार. क्लीनरच्या बाजूला छिद्रं बारीक, पण पत्रा ठिकठिकाणी अर्ध्या जाडीचा.

बाकीचे निष्कर्ष असे: दोन्ही रनिंग बोर्ड मागच्या टोकाला कुजलेले. डाव्या पुढच्या ॲप्रनवर बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडने खाल्लेला तळहाताएवढा भाग. दारांच्या तळाला निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली, म्हणून आतून गंज. बोनेटच्या मागच्या जाळीखाली आंब्याची पानं कुजून काळा गाळ झालेला; काचेजवळच्या पाण्याचं मूळ इथेच सापडलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मागच्या एक्सलच्या आर्म (एक्सल धरून ठेवणारे दांडे) बॉडीला जिथे बोल्टने बसतात, त्यातल्या उजव्या जागेला तडा. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे कप दोन्हीकडे शाबूत. ते गेले असते तर या बजेटमध्ये काम सुरूच करू नये, असंच सांगावं लागलं असतं. तिथे चाकाचा सगळा मार येतो, आणि वेल्डिंग करताना कप दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी पुढच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, कायमचा बिघडतो.

चेसिस नंबर टॉर्चने वाचून आरसी बुकाशी ताडला. जुळला, स्पष्ट होता. त्यावर लगेच ग्रीस लावून कागदी टेप मारली. रंगारी घाईत त्या जागेवर पुट्टी ओढतो आणि मग आरटीओत पेन्सिलीने छाप उमटत नाही. ही अडचण पत्रा कुजण्याइतकीच महागात पडते.

कागद आधी

पत्र्याला हात लावण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर थकबाकी बघितली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नमुना २५ वर अर्ज करून नूतनीकरण. या गाडीचं पहिलं नूतनीकरण २०११ ला झालं होतं, दुसरं २०१६ ला राहिलं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या दरांत खाजगी चारचाकीला उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे ५०० रुपये आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या दुरुस्तीने २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १० हजार झालं, जीएसटी वेगळा. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी. हा खर्च १ लाख ६० हजारांच्या बाहेर धरला. पोर्टलवर दिसणारा एकूण आकडा मालकाला मान्य नसेल तर पुढचं काहीच करू नये. चकाचक पण विनानोंदणी गाडी फार तर अंगणात शोभेल.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवून गॅरेजला नेता येत नाही, तपासणीलाही नाही. दोन्ही वेळा फ्लॅटबेडचं भाडं हिशेबात धरावं.

‘व्हिंटेज म्हणून नोंदवू’ असा सल्ला या टप्प्यावर कोणीतरी देतोच. २०२१ च्या नियमांत व्हिंटेजला ५० वर्षं पूर्ण लागतात. पहिल्या वर्षीची ८०० सुद्धा २०३३ पर्यंत त्यात बसत नाही, आणि बसली तरी व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला नसते.

पत्र्याचं काम

इथे सगळ्यात जास्त दिवस गेले आणि जायलाच हवेत. सुधारित अंदाजपत्रकात पत्रा, वेल्डिंग आणि तळाचं कोटिंग मिळून ५६ हजार ठेवले.

आधी पेट्रोलची टाकी, सीटा, कार्पेट आणि बॅटरी बाहेर. अल्टरनेटरची जोडणी सोडली. टाकी जागेवर ठेवून मागच्या तळाला वेल्डिंग करणारे महाभाग आहेत. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते.

मग दारं जागेवर असताना दार आणि खांब यांच्यातली फट चारही बाजूंनी मोजून पट्टीवर लिहिली. रनिंग बोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीची चौकोनी नळी तिरपी टाकून दोन्ही टोकांना टाके मारले. हे न करता बोर्ड कापला तर गाडी मधून किंचित बसते, आणि ते लक्षात येतं सगळं वेल्डिंग झाल्यावर, दार लागत नाही तेव्हा. गाडी मधोमध जॅकवर उचलूनही हे काम करायचं नाही. वजन चाकांच्या जागी असावं, म्हणजे सांगाडा रस्त्यावर असतो त्याच आकारात राहतो.

कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. गंजावर ठिगळ ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग ही आपल्याकडची लाडकी पद्धत, पण दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेने नवी रेघ फुटते, कारण दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं. तळाला २० गेजचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा वापरला, म्हणजे साधारण ०.९ मिमी. एक्सल आर्मच्या जागेला १८ गेज. वेल्डिंग सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने केलेलं), गॅस वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा तापून लाटा घेतो. जोडाला सलग रेघ न ओढता २५-३० मिमी अंतराने टाके, एकदा इकडे एकदा तिकडे, मग मधल्या जागा भरायच्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्तात मिळत होता, तो नाकारला. जस्ताचा धूर बंद शेडमध्ये माणसाला ताप आणतो आणि टाका सच्छिद्र होतो.

एक्सल आर्मची जागा नुसती भरून चालत नाही. तडा जिथे संपतो तिथे ३ मिमीचं भोक पाडलं म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग तडा घासून भरला आणि वरून १८ गेजची प्लेट तिच्या कडा मूळ जागेच्या बाहेर जातील अशी बसवली. शेवटी दोन्ही बाजूंचं पुढचं-मागचं अंतर, म्हणजे चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत, टेपने मोजलं. या गाडीचा व्हीलबेस २१७५ मिमी. डाव्या-उजव्यात पाच मिलिमीटरहून जास्त फरक आला असता तर आर्म पुन्हा सोडावी लागली असती.

वेल्डिंगनंतरचा थरांचा क्रम: तारेच्या ब्रशने घासणं, उरलेल्या डागांना फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक, पाण्याने धुऊन पूर्ण सुकवणं, इपॉक्सी प्राइमर, जोडांवर सीम सीलर, मग अंडरबॉडी कोटिंग. नुसता रेड ऑक्साइड पाणी शोषतो, तो शेवटचा थर म्हणून कामाचा नाही. रनिंग बोर्डच्या पोकळीत आतून मेण फवारलं. नळीला वळण देता येणारा नोझल नसेल तर हे काम होत नाही, नुसतं केल्यासारखं दिसतं. निचऱ्याची भोकं कोटिंगने बुजतात, म्हणून कोटिंग ओलं असतानाच प्रत्येक भोकात काडी फिरवली.

रंगाला फक्त १८ हजार: दारांचे तळ, रनिंग बोर्ड आणि मडगार्डच्या कडा. छत आणि बोनेटचा मूळ रंग फिका होता, पण चिकटून होता. तो पॉलिश केला. मूळ रंग शक्य तितका ठेवावा हा शौकिनांचा आग्रह कधीकधी टोकाचा असतो, इथे मात्र तो व्यवहारालाही धरून आहे. जुना कारखान्याचा रंग उतरवला की त्याखालचा शाबूत थरही उतरतो.

ब्रेक

हँडब्रेक ओढून गाडी लावली होती, त्यामुळे मागचे शूज ड्रमला चिकटलेले. ड्रमवर सगळ्या बाजूंनी लाकडी हातोड्याचे हलके ठोके आणि ड्रमच्या बोल्टभोकांतून दाब, अशाने ते सुटले. लोखंडी घणाने ड्रमची कड उडते. पुढचे कॅलिपर पिस्टन जाम, मागचे व्हील सिलिंडर गळके, मास्टर सिलिंडरचे कप फुगलेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, कोकणात तर वेगाने, आणि तेच पाणी पाइपला आतून गंज आणतं. सगळे रबरी होज, कप आणि मागच्या एक्सलवरचे लोखंडी पाइप बदलले. कप बसवताना ब्रेक ऑइलच लावायचं. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने धुतलेला कप काही आठवड्यांत फुगतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. डॉट ३ ऑइल अर्धा लिटरहून थोडं जास्त लागलं, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून पाइपातली हवा काढली.

लोअर आर्मचे बुश, पुढच्या दोन्ही एक्सलचे बाहेरचे रबरी बूट आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर याच वेळी. बूट फाटला आणि ग्रीस गेलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणारा सांधा, वळणावर कटकट करतो. या गाडीत तो आवाज नव्हता, त्यामुळे जॉइंट उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून भागलं. हे सगळं २१ हजारांत. टायर १४५/७० आर१२ पाच, स्टेपनीसकट, आणि बॅटरी मिळून १८ हजार. जुन्या टायरना नक्षी भरपूर होती. बाजूवर कोरलेला चार आकडी आठवडा-वर्षाचा कोड मात्र २०१३ चा, आणि तेवढ्याने ते बाद.

पेट्रोलचा प्रश्न, म्हणजे ई२०

टाकीतलं जुनं पेट्रोल काळपट, वास थिनरसारखा. टाकी काढून धुतली, आत गंज होता पण छिद्र नव्हतं. फॉस्फोरिक ॲसिडचं पातळ द्रावण रात्रभर, मग पाणी, मग लगेच गरम हवेने सुकवणं. मधे वेळ गेला तर तासाभरात नवा गंज धरतो.

कार्ब्युरेटर पूर्ण उघडला. जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) तार घालायची नाही, क्लीनर आणि हवा. पितळेच्या जेटला तारेने पडलेला ओरखडा डोळ्याला दिसत नाही, मायलेजमध्ये दिसतो. किटमध्ये येणारे डायफ्रॅम, नीडल व्हॉल्व्ह आणि गॅस्केट बदलले. इंजिनावरच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम ताठ झाला होता, पंपच नवा घेतला.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९९६ च्या रबरासाठी ते बनलेलं नाही. साधा काळा होज काही महिन्यांत आतून मऊ पडतो आणि त्याचे कण नीडल व्हॉल्व्हला अडकतात. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एसएई जे३० आर९ दर्जाच्या होजचे टाकले. किंमत तिप्पट, लांबी एकूण दोन-अडीच मीटर. इंधनाच्या सगळ्या कामाला ११ हजार.

दुसरी गोष्ट हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतो, त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण काही टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळतो, कार्ब्युरेटरला सेन्सर नाही. लक्षणं अशी: थंड असताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते, चढावर गरम होते, प्लग पांढरा दिसतो. इलाज मोठ्या मेन जेटचा, पण जपून: व्यास ४ टक्क्यांनी वाढवला की क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं. एक पायरी वाढवून प्लगचा रंग बघणं हा मार्ग. ड्रिलने जेट मोठा करून देणाऱ्याकडे जाऊ नये. मायलेज तरीही सहा-सात टक्के कमी मिळणार, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी आहे.

तिसरी आणि कोकणात सर्वांत त्रासाची गोष्ट पाण्याची. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर करून खाली बसतात. टाकीतला पाइप नेमका तळाशी असतो, म्हणजे इंजिनाला आधी तेच जातं. जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवणं सर्वांत वाईट. एकतर काठोकाठ भरावी किंवा रिकामी करून, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करावं.

इंजिन

पहिल्या गॅरेजने बॅटरी जोडून स्टार्टर मारला होता आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून ‘इंजिन खोलायलाच लागेल’ असा निकाल दिला होता. आकडे होते चौरस सेंटिमीटरला ७.५, ९.५ आणि ८ किलो. कोरड्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर), गंज धरलेल्या व्हॉल्व्ह सीटवर घेतलेल्या या आकड्यांना अर्थ नाही.

योग्य क्रम असा: तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दहा मिली पातळ तेल, दोन दिवस थांबणं, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवणं. अडकलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल आणि पुन्हा थांबणं. मोकळं फिरल्यावर जुनं ऑइल काढून साधारण तीन लिटर नवं, फिल्टर नवा. टायमिंग बेल्ट दिसायला कसाही असला तरी नवा, त्याच वेळी क्रँक आणि कॅमचे सील आणि वॉटर पंपही. फटी अशा: टॅपेट थंड इंजिनावर ०.१५ मिमी, इग्निशन पॉइंट ०.४ ते ०.४५, प्लग ०.७ ते ०.८. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल दाबून लाकडी पट्टीने अडकवून ठेवलं, टॉप गिअरमध्ये गाडी पुढेमागे हलवली, तिसऱ्या दिवशी सुटली.

इंजिन गॅरेजमध्येच चार वेळा पूर्ण गरम करून पूर्ण थंड केल्यावर आकडे आले ९.५, १०.५, १०. नूतनीकरण होऊन रस्त्यावर ३०० किलोमीटर झाल्यावर तिन्ही ११ च्या आसपास. तीन सिलिंडरमधला फरक एक किलोच्या आत आला की हे इंजिन उघडायचं कारण उरत नाही. खर्च ९ हजार, ४८ ऐवजी.

कूलिंगला ७ हजार. रेडिएटरच्या नळ्यांत विहिरीच्या पाण्याचा क्षार, म्हणून तो उघडून साफ केला. थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. गाडी तापते म्हणून तो काढून टाकणं ही जुनी सवय, आणि त्यामुळे इंजिन कधी नीट गरमच होत नाही, चोक लांबतो, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पाण्याच्या भांड्यात टांगून, त्यावर छापलेल्या तापमानाला उघडतो का ते थर्मामीटरने बघितलं. एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की वाकतं, आणि मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) नेण्यावाचून गत्यंतर नसतं. पंख्याचा थर्मोस्विच आणि त्याची वायर म्हणून सर्वांत आधी तपासावी. इथे ती उंदरांनी कुरतडली होती. वायरिंगला ५ हजार: कुरतडलेले तुकडे नुसते पिळून टेप न मारता झाळले, आणि इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी नवी टाकली. निम्मे ‘इलेक्ट्रिकल’ बिघाड त्या पट्टीचे असतात.

बेरीज १ लाख ४५ हजार. उरलेले १५ हजार ॲलॉय आणि स्टिरिओला न देता हातात ठेवले.

झेनचं इंजिन बसवावं का

हा प्रश्न मालकाच्या मुलाचा. ९९३ सीसीचं, ५० अश्वशक्तीचं जुन्या झेनचं इंजिन या बोनेटखाली बसवलेल्या गाड्या आहेत आणि त्या पळतात, यात शंका नाही. ८०० चं वजन साडेसहाशे किलो. पण आरसीवर इंजिन नंबर आणि क्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला तेवढं पुरतं. त्याहून व्यवहाराची बाब म्हणजे या गाडीचे ब्रेक मूळ ताकदीला बेताचेच आहेत आणि हिच्या एक्सल आर्मच्या जागेला नुकती प्लेट बसली आहे. गाडी बांधायची हौस असेल तर त्यासाठी शाबूत सांगाड्याची, कोरड्या हवेतली दुसरी गाडी शोधावी, सोलापूर-विजापूरकडची. ही त्यासाठी चुकीची गाडी आहे. तेरा इंची चाकांनाही हेच लागू: बाहेर येणारं चाक बेअरिंगवर आणि त्याच दुरुस्त केलेल्या जागेवर ताण टाकतं.

तपासणी आणि त्यानंतर

पीयूसीला १९९६ च्या पेट्रोल गाडीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. इंजिन पूर्ण गरम करून, एअर फिल्टर नवा घालून गेलं तर बरोबर जुळवलेला कार्ब्युरेटर यात आरामात बसतो. आरटीओच्या तपासणीत बघतात ते चेसिस नंबर, हँडब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर आणि टायर. वायपरची मोटर आदल्या दिवशी चालते आणि त्याच दिवशी बंद पडते, तिची अर्थिंगची जागा आधीच घासून ठेवावी.

नोंदणी झाल्यावर पहिली लांब फेरी आंबा घाटातून कोल्हापूरला, तीही घाट चढताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. साखरप्याला थांबून चारही चाकांच्या रिमला हात लावून बघितला: एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. उजवं मागचं होतं. हँडब्रेकची केबल एका बाजूला गंजून जड झालेली, कामात ती राहून गेली होती. हातात ठेवलेल्या १५ हजारांतले पहिले पैसे तिच्यावर गेले.

पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकचं कव्हर नको. खालून चढणारी वाफ त्यात कोंडते. छप्पर, तिन्ही बाजूंना जाळी आणि खाली कोबा हे कव्हरपेक्षा कामाचं. गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला. पंधरा दिवसांतून एकदा रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत चालवायची. पाच मिनिटं सुरू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून जातो. मेच्या शेवटी बोनेटमागची पानं काढणं आणि दारांच्या तळाची भोकं मोकळी करणं, दर वर्षी.

दुसरा गिअर टाकताना थोडा किरकिरतो, सिंक्रोनायझरची रिंग झिजली आहे. ती तशीच ठेवली. गिअरबॉक्स उतरवायला एक दिवस आणि रिंगेला फार पैसे लागत नाहीत, क्लच प्लेट बदलायची वेळ आली की दोन्ही एकदम होईल.